डेलरॉय पिकेट यांना आगाऊ निरोप

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या चाहता मंडळाचा आधारस्तंभ असलेल्या आदरणीय डॉरिस ओल्सेनबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले स्टर्जन संघाचे मालक श्रीयुत हॅल्व्हर्सन, संघाचे व्यवस्थापक श्रीयुत प्रेस्टन कीस, सत्कारमूर्ती डेलरॉय पिकेट, पहिल्या टेबलावर बसलेली त्यांची कन्या इमोजिन, आणि भर फेब्रुवारीत गाडीवरचा बर्फ खरवडून डुलुथच्या कानाकोपऱ्यातून इथवर आलेल्या बास्केटबॉलप्रेमी बंधुभगिनींनो,

माझं नाव टोबी वॉलिन. तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय, की कुणी ओळखलेलं नाही. साहजिक आहे. सामन्याच्या मधल्या सुट्टीत जो भलामोठा स्टर्जन मासा मैदानावर लोळतो, पोरांच्या डोक्यावर पंख आपटतो आणि प्रेक्षकांत टी-शर्ट भिरकावतो, त्याच्या पोटात मी असतो. आमच्या धंद्याचा एकच दंडक आहे. पोशाख अंगावर असताना बोलायचं नाही. पाय मुरगळला तरी नाही, कुणी बिअर ओतली तरी नाही. त्याआधी मी फिरत्या जत्रेत पाळणे जोडायचो, त्याच्या आधी धान्याच्या बोटीवर होतो, आणि शाळा तर त्याच्याही आधी मागे पडली. पण गप्प बसण्याचा पगार मिळतो, हे मला या संघात कळलं. बोटीवर आमचा एक फिनलंडचा स्वयंपाकी होता, तोही असाच, अख्ख्या दिवसात दोन-चार शब्द बोलायचा आणि तेही बटाट्यांबद्दल. त्याची एक फार गमतीची गोष्ट आहे... असो. ओल्सेनबाई घड्याळाकडे बघताहेत.

तर प्रश्न असा, की एवढ्या मोठ्या खेळाडूच्या निरोपाला माशाने का बोलावं? उत्तर सोपं आहे. माणसं मिळाली नाहीत. कप्तानाचं पोट बिघडलं. दुसऱ्या एकाच्या सासूचं ऑपरेशन निघालं. प्रशिक्षकांना सर्दी झाली आहे, ती सर्दी मघाशी मी जिममध्ये वजनं उचलताना पाहिली. मग कीस साहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "टोबी, दोन गोड शब्द बोल. बायकापोरांच्या डोळ्यांत पाणी येईल असं काहीतरी."

गोड शब्द मी बोलणारच आहे. पण आधी सत्कारमूर्तींविषयी खरं ते सांगतो, म्हणजे पुढे कुणी मला त्यांचा चमचा म्हणायला नको.

पिकेट साहेब आता चांगले खेळत नाहीत. माशाच्या जबड्यात एक जाळी असते, तिच्यातून मी हे रोज पाहतो. बचावाला परत धावताना ते असे येतात, जसा एखादा माणूस विसरलेली छत्री आणायला नाखुशीने परत फिरतो. गुडघे गेलेत. उडी म्हणाल तर तिच्याखालून वर्तमानपत्र सरकवता येईल, पण पातळ पुरवणीचं. स्वभावानेही काही लोण्याचा गोळा नाहीत. एवढ्या वर्षांत मला एकदा 'नमस्कार' म्हणालेले नाहीत. घाम पुसायला मात्र माझा पंख वापरतात. आणि पगार? तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे, कारण गेल्या महिन्यात ते चेंडू सोडायचे तेव्हा तुम्ही तो आकडाच ओरडत होतात. हो, तुम्हीच. तिसऱ्या रांगेतल्या काकू, तुम्हीसुद्धा. आज मात्र रुमाल घेऊन आलात. छान इस्त्रीचे आहेत.

आता या बदलीविषयी, म्हणजे पिकेट साहेबांना दुसऱ्या संघाला देऊन टाकण्याविषयी. आपल्या लीगचा कायदा तुम्हाला ठाऊक आहे. जितक्या पगाराचा खेळाडू द्याल, साधारण तितक्याच पगाराचा घ्यावा लागतो. म्हणजे महागडा म्हातारा विकायचा, तर समोरून महागडा म्हाताराच येणार. मी जत्रेत असताना आमचा मालक एक लंगडा घोडा देऊन दुसऱ्या जत्रेतला आंधळा घोडा घेऊन आला होता आणि रात्रभर खुशीत होता. तो निदान दारू प्यायलेला तरी होता. आपले साहेब शुद्धीवर आहेत. टक्सनच्या संघाकडे ब्रँको व्हुयिच नावाचे गृहस्थ आहेत, आपल्या पिकेटपेक्षा वर्षभराने मोठे, गुडघे तितकेच गेलेले, पगार तितकाच फुगलेला. पिकेट तिकडे, ब्रँको इकडे. तुम्ही म्हणाल, दगडापेक्षा वीट मऊ असेल. नाही हो. हीसुद्धा दगडच आहे. मग एवढा खटाटोप कशाला?

गेल्या आठवड्यात दुपारच्या सरावाच्या वेळी मी पोशाख चढवून मालकांच्या खोलीत सोफ्यावर बसलो होतो, प्रायोजकांसोबत फोटो काढायचे होते म्हणून. प्रायोजकांना उशीर झाला. हॅल्व्हर्सन साहेब होते, कीस साहेब होते, आणि फोनवर टक्सनचे व्यवस्थापक होते. फोन टेबलावर ठेवलेला, आवाज खोलीभर.

टक्सनचे म्हणाले, "ब्रँको तिकडे यायला तयार नाही. म्हणतो, जिथे सरोवर गोठतं तिथे माणसाने राहू नये."

कीस साहेब म्हणाले, "अहो, त्याला कोण बोलावतंय? त्याचा करार उन्हाळ्यात संपतो ना? बस. नुसतं नाव पाठवा. तो घरीच बसू दे."

कळलं का, मंडळी? ब्रँकोंचा खेळ नको, ब्रँकोसुद्धा नकोत. त्यांचं संपणं हवं आहे. पिकेट यांचा करार अजून एक मोसम चालेल, ब्रँको उन्हाळ्यातच संपतात, म्हणजे मालकांचा एका मोसमाचा पगार वाचतो, म्हणून ब्रँको मौल्यवान. जो लवकर नाहीसा होईल तो जास्त किमतीचा. या हिशेबाने सगळ्यांत महाग खेळाडू स्मशानात मिळेल, फक्त त्याचा पगार जुळला पाहिजे.

ओल्सेनबाई विचारताहेत, "टोबी, गोड शब्द ठरले होते ना?" येतो बाई, गोडावरच येतो.

मग हॅल्व्हर्सन साहेबांनी विचारलं, "पण पिकेट हो म्हणाला का?"

इथे एक गोष्ट लक्षात आणून देतो. मागच्या करारात पिकेट यांनी चांगला मोठा पगार सोडून दिला होता आणि त्याबदल्यात एकच मागितलं होतं, की मला विचारल्याशिवाय कुठे पाठवायचं नाही. ते सारं याच सभागृहात झालं. मालकांनी हात मिळवला. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मी मासा होऊन कोलांटी मारली. म्हणजे शब्द एकट्या मालकांनी दिलेला नाही, आपण सगळ्यांनी मिळून दिला आहे.

कीस साहेब म्हणाले, "नाही म्हणतो. पोरीची शाळा जूनमध्ये संपते, तोवर हलणार नाही म्हणतो. तिला आजवर चार गावं बदलायला लावली, आता शब्द दिलाय म्हणतो."

"मग वाढव काहीतरी."

"पैशाला हात लावत नाही."

हॅल्व्हर्सन साहेब म्हणाले, "असं कर. त्याचा निरोप समारंभच ठेव. मोठा. जर्सी फ्रेम करून दे, फिल्म दाखव, सगळ्या गावाला जेवण घाल. निरोप घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडाने राहतो बघू."

कीस साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "साहेब, हा ऐकतोय."

मालक म्हणाले, "मासा आहे तो."

आता कीस साहेब "माईक बंद करा" म्हणताहेत. मागच्या टेबलांपर्यंत पोचलं नसेल म्हणून सांगतोय. आणि ओल्सेनबाई म्हणताहेत, "अध्यक्ष मी आहे, प्रेस्टन. खाली बस." बाई, आपला आभारी आहे. कीस साहेब बसले.

तर मित्रहो, आजचा हा समारंभ असा आहे. उद्या दुपारी बदल्यांची मुदत संपते. तोवर पिकेट साहेब हो म्हणाले तर ते जातील, नाही म्हणाले तर राहतील. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. म्हणजे गेले तासभर आपण सगळे मिळून, हातात सुपाचे वाडगे घेऊन, न निघालेल्या माणसाला हात हलवतो आहोत. मघाची फिल्म पाहिलीत? तिच्यात त्यांनी केलेले सगळे गुण होते आणि शेवटी 'तुझी आठवण येईल' असं लिहिलं होतं. समोर बसलेल्या माणसाची आठवण कशी येते, मालक? मला खरंच शिकायचंय. मी फारसा शिकलेलो नाही.

इमोजिन, बाळा, तुला इथे कुणी आणलं? "पत्रिकेत सहकुटुंब लिहिलं होतं," म्हणतेस. बघा मंडळी, किती नीट आखलं आहे. पोरीच्या देखत बापाला हार घालायचे, म्हणजे उद्या त्याने 'राहतो' म्हटलं तर पोरगीच लाजेल. हे करायला डोकं लागतं. मात्र एवढं डोकं आपण संघबांधणीत वापरलं असतं, तर आज आपण तळाला नसतो.

मी पिकेट साहेबांचा भक्त नाही, हे आधीच सांगितलं आहे. ते गेले तर माझा पंख कोरडा राहील, एवढाच फरक. पण एखाद्या माणसाला घालवायचं असेल, तर त्याला समोर बसवून विचारावं. तो नाही म्हणाला, तर दात-ओठ खात का होईना, दिलेला शब्द पाळावा. हे गावभर जेवण घालून, टाळ्यांच्या आवाजात माणूस ढकलून देणं मला तरी बघवत नाही, आणि मी जत्रेत काम केलेलं आहे.

म्हणून आता तेच विचारतो, जे या व्यासपीठावर कुणी विचारलेलं नाही. पिकेट साहेब, तुम्हाला जायचं आहे का?

जरा शांतता ठेवा. ते काहीतरी म्हणताहेत.

ते म्हणाले, "नाही."

आणखी म्हणाले, "हे मी कीसला आधीही सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांनाच मी नको आहे. हॉल भरलेला पाहिला आणि सही करून टाकावी म्हणून खिशातलं पेन चाचपलं."

पेन त्यांनी टेबलावर ठेवलं आहे. आता ते उठले. आता ते पायऱ्या उतरताहेत, त्याच सावकाश चालीने, बचावाला परतताना येतात तसे. कुणीतरी इमोजिनच्या शेजारची खुर्ची मोकळी करा. हो, तुम्हीच, रुमालवाल्या काकू. बसले. बशीतला मासा स्वतःकडे ओढला आणि पोरीच्या ताटातला पाव घेतला. ती म्हणतेय, "डॅड, तो माझा आहे." 

आता आभार. हॅल्व्हर्सन साहेबांचे आभार, त्यांनी जेवण घातलं. तांदळाचं सूप उत्तम झालंय, मीठ कमी आहे. कीस साहेबांचे आभार, त्यांनी मला बोलायला सांगितलं. असं धाडस त्यांनी खेळाडू निवडतानाही केलं असतं तर बरं झालं असतं. ओल्सेनबाईंचे आभार मानायचे तर दुसरा समारंभ ठेवावा लागेल. बोलण्याच्या ओघात लहानतोंडी मोठा घास घेतला गेला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर रसिकांनी पोटात घालावं. मालकांनी घालू नये. मालकांनी लक्षात ठेवावं.

पिकेट साहेब, शनिवारी घरचा सामना आहे. तुम्ही बहुतेक वाईटच खेळाल. माशाच्या पोटात तेव्हा दुसरा कुणीतरी असेल, त्याला पंख मागा. मी तिकीट काढून येईन, वरच्या स्वस्त रांगेत बसेन, आणि तुम्ही चेंडू सोडलात की सगळ्यांत मोठ्याने शिव्या देईन.

धन्यवाद.