कोरडा तुकडा

नाही ताई, हात लावू नका, खुर्ची जरा मागे घ्या आणि नुसतं बघा – तुमच्या वडिलांच्या कोचाचं हे कापड, आगीतून वाचलेल्या बाजूचं. त्याखाली फोम, आणि बैठक पाठीला मिळते त्या खाचेत ही पेटती सिगारेट. बस्स. आता तासभर बसायचं. लोकांना वाटतं आम्ही इथे आगी लावतो – छे! ज्वाला दिसली तर माणूस पळतो तरी. धुमसणं निराळं, ते चोरपावलांनी आत शिरतं. पंचवीस वर्षं मी हेच बघतोय. बायको म्हणते, एकही न ओढता इतका धूर खाल्लेला माणूस जगात दुसरा नसेल.

काय म्हणालात? सिगारेटचं पाकीट तुम्हीच आणून दिलंत, म्हणून वडील गेले? अहो, डुलकी लागली की हातून सिगारेट पडायचीच – ते गृहीत धरूनच ही चाचणी असते. कापडावर ती विझायला हवी. आणि हे कापड तर उत्तीर्ण आहे – मला कसं ठाऊक? वीण ओळखली हो. हिरवी, तिरकी. तीन वर्षांपूर्वी कारखान्याकडून आलं होतं. पाचव्या मिनिटाला विझली सिगारेट. मीच नोंदवलं, सहीही माझीच.

काल तुम्हाला परत पाठवलं, रागावलात ना? तुकडा आधी एक दिवस कोरड्या खोलीत ठेवावा लागतो. दमट कापड धुमसत नाही, उगाच शहाण्यासारखं वागतं. तेव्हा – त्या पहिल्या चाचणीच्या वेळी सारखा पाऊस होता, कोरडी खोली भरलेली, आणि मला नात झालेली; दुसऱ्या दिवशी लेकीकडे निघायचं होतं. म्हटलं, एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे? ठेवला दमटच तुकडा चाचणीला.

बावीस मिनिटं झाली. विझायला हवी होती. कड बघा, काळी सरकतेय – वास येतोय? तुमच्या ओळखीचा – माफ करा, हे बोलायला नको होतं मी.

असं बघू नका माझ्याकडे. पाकिटाचं मात्र मनातून काढून टाका. तो भार तुमचा नव्हताच. ते पेन द्या इकडे. आजचा निकाल लिहितो, त्याखाली जुन्या अहवालाचा क्रमांक, आणि तेव्हाचा तुकडा कसा ठेवला होता तेही. माझ्याच अक्षरात.

आता जा तुम्ही. जा म्हणतो ना! दार लोटून घ्या. विझवायचं मी बघतो.