ओरखडा

दादाची जुनी ट्रायल्सची गाडी, दगडधोंड्यांतनं तोल सांभाळत चालवायची ती, दारात उभी असताना मी बटणावर सुरू होणाऱ्या स्कूटरवर का फिरतो, असं विचारता ना? मग ऐका.

दादाचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. म्हटलं, तोवर गाडी नव्यासारखी दिसली पाहिजे. सगळी खोलली, इलेक्ट्रॉनिक इग्निशनची प्लेट पॉलिश पेपरनं चकाचक घासली आणि पुस्तकातल्या मापानं ठिणगीचं टायमिंग बसवलं. किक मारली, तर ती अशी उलटी आली की ऑपरेशन झालेला गुडघा धरून मी खालीच बसलो.

दादाचे मेकॅनिक बबनमामा श्रीगोंद्याहून आले. कव्हर काढून म्हणाले, "हितं छिन्नीची खूण हुती, ती कुठंय?"

"ओरखडा होता तो. घासून टाकला."

"आरं, ती खूण जुळवून प्लेट बसवायची. तुझं ऑपरेशन झालं तवा दादानं टायमिंग मागं घेतलं, किक उलटी येऊ नये म्हनून. मी म्हनलं, गाडीची ताकद जाईल. तर म्हनला, जाऊ दे."

"मला कधी बोलला नाही."

"बोलला असता तर तू किकला पाय लावला असतास व्हय?"

"मग आता तेवढंच मागं घ्या."

मामांनी घासलेल्या प्लेटवरनं अंगठा फिरवला. "किती घिऊ? आठ दिस तुझ्यावानी लंगडत किक मारून त्यानं ते माप काढलं हुतं. मलाबी म्हाईत न्हाई. ते फकस्त त्या खुणेत हुतं."