सतरावा प्रश्न आणि माझा रुमाल

...आणि वर म्हणतात, लॉजिकचे प्रश्न म्हणजे हातचे मार्क, डोकं शांत ठेवलं की झालं. अहो, पण शांत ठेवायला डोकं जागेवर नको? तुम्हाला सांगते, वीस वर्षं वकिलांकडे टायपिंग करतेय, लोकांची भांडणं, वाटण्या, घटस्फोट, सगळं या बोटांखालून गेलं, कधी एक बोट चुकलं नाही; आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसले, तर पेनसुद्धा धरता येईना. घाबरले होते, कबूल आहे.

घाबरणार नाही तर काय? आमचे वकीलसाहेब थकले, वर्षभरात ऑफिस बंद करणार. मग मी कुठे जायचं? नवरा म्हणाला, "बस की, काय होईल फार तर?" मुलगी म्हणाली, "आई, पास झालीस तर माझ्या कॉलेजात तेवढी येऊ नकोस." एवढा आधार घेऊन गेले.

सोळा प्रश्न कसेबसे काढले आणि आला सतरावा. 'खोटं बोलणारा साक्षीदार न्यायाधीशांच्या नजरेला नजर देत नाही. या साक्षीदाराने नजर दिली नाही. म्हणून तो खोटं बोलला. या युक्तिवादात चूक कोणती?' खाली चार पर्याय. वाचला, पटला. पुन्हा वाचला, जास्तच पटला... मला चूकच दिसेना हो. तळहाताला घाम, पेन सटकतंय, मांडीवरच्या रुमालाला हात पुसतेय, पेन पुसतेय, घड्याळ पळतंय. घाबरले होते, कबूल आहे.

तेवढ्यात बाकाशेजारी बूट थांबले. पर्यवेक्षक. "बाई, काय बघताय सारखं मांडीकडे?" म्हटलं, "रुमाल आहे." "दाखवा." दाखवला, तर त्यावर शाईचे हे एवढाले निळे फराटे. म्हणाला, "कॉपी करणारे असंच खाली बघतात. तुम्ही खाली बघताय. म्हणजे..." आणि पेपर उचलला की माझा. अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय. घाबरले होते, कबूल आहे... पण त्याचा तो 'म्हणजे' कानात शिरला आणि लख्ख उजेड पडला. अहो, हाच तर सतरावा प्रश्न!

उभी राहिले. म्हटलं, "सर, कॉपी करणारा खाली बघतो, मान्य. पण खाली बघणारा प्रत्येक जण कॉपीच करतो, हे कुठे सिद्ध झालं? घाबरलेलाही बघतो. मघापासून तुम्हीही मोबाईलमध्ये खालीच बघत होतात, तुम्ही कशाची कॉपी करत होतात?" मागे कुणीतरी खुसखुसलं. पर्यवेक्षकाने केंद्रप्रमुख बाईंना बोलावलं. त्यांनी रुमाल खिडकीपाशी उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, एक अक्षर सापडेना. "द्या त्यांचा पेपर," म्हणाल्या. बसले, सतराव्याचं उत्तर ठोकलं, अठराव्याकडे वळले आणि घंटा झाली. तेरा प्रश्न कोरे.

चार मार्कांनी गेला प्रवेश. ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत राहिले, मग म्हणाले, "बाजू खरी, युक्तिवाद बिनतोड, आणि निकाल विरुद्ध? बाई, सनद तेवढी राहिली, वकील तर तुम्ही झालात."

गेले आपली टायपिंगला.