नखावरची कबर

अगं, हॅलोवीनच्या नखांचं वेड मला मोबाईलनं लावलं. केडगावात कोण भूत बनून फिरणार? तरी मी घरीच काळं नेलपेंट लावलं आणि टाचणीनं नखानखावर पांढरी कबर काढली, वर इवलासा क्रूस. अंगठ्यावर मात्र भूत.

तेवढ्यात सासूबाई आल्या. दोन दिवसांनी आम्हाला कबरस्तानात, आमच्या गेलेल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावायला जायचं होतं. म्हटलं, आता माझं काही खरं नाही. त्यांनी माझा हात धरला, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "क्रूस लई सरळ आलाय गं! तुझ्या सासऱ्यांच्या कबरीवरचं नाव पार उडालंय. येताना ही बाटली घे."

मग काय, मी तिथं उकिडवी बसून सासऱ्यांचं नाव नेलपेंटनं गिरवलं. शेजारच्या कबरीवर फुलं ठेवणाऱ्या मावशी कधीच्या बघत होत्या. शेवटी जवळ आल्या, माझा अंगठा निरखला आणि म्हणाल्या,

"आमच्या ह्यांचं बी नाव गिरव की पोरी. भूत तेवढं काढू नको, ते मी संसारभर बघितलंय!"