चाळीस बायांचे टोंगळे

...अन् टोंगळे मोजाले येनार होता त डाक्टरनं आधी सांगून नोको का यावं? सांगा ना तुमीच. डोळे पाहाले येते ते समजते, खोकला आयकाले येते तेबी समजते, पन टोंगळे, तुमी गुडघे म्हनता ना जी तेच, ते मोजाले कोनी येते काय? आला, अन् आमच्या मनकर्णाच्या पायावर धोंडा पाडून गेला. त्यानं पाडला का आमी पाडला, ते आता तुमीच ठरवा.

मनकर्णा म्हंजे आमच्या भंडाऱ्याकडची, वय बत्तीस, अठ्ठावन साली भिलाईत रेजा, म्हंजे मजूरबाई म्हनून आली, नव्या पोलाद कारखान्याची भट्टी बांधाले विटा वर चढवाले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत बारा विटा, अन् फळ्यांचा चढाव असा का बकरीबी भेईन. भरली पाटी काई आपली आपल्याले उचलता येत नाई, जोडीदारनीनं डोक्यावर द्याव लागते. तिची जोडीदारीन मी, पंचफुला. खोलीबी शेजारचीच. नवरा केवलराम तिकडं अहिवाऱ्याच्या खदानीत, रविवारी येते, आला त आला. अन् खोली ठेकेदाराची, जिचं नाव हजेरीत तिलेच भेटते. नाव कटलं का मनकर्णा, तिची सात वर्साची नलू, भांडेकुंडे, सबन बाहीर. म्हनून मुकादम शेषराव रोज सकाळी विचारे, "टोंगळा कसा हाय वो?" त मनकर्णा म्हने, "फस्क्लास." सुजून भोपळा झाला होता जी. पन फस्क्लास.

सकाळी तिले उठतानी पाहाचं होतं तुमी. पयले हात भुईवर, मंग भिताडाले, अन् टोंगळा असा कटकट वाजे का मले माह्या खोलीत आयकू ये. एरंडाचे पानं बांधून झाले, वीट गरम करून शेकून झालं. "बत्तीसाव्या वर्सी मले म्हातारीचे टोंगळे कोनं देल्ले वो पंचफुला," म्हने, अन् हासे. ते हासली का मले रडू ये, खरं सांगतो.

त आला डाक्टर दुर्गवरून. शामसुंदर नावाचा, चष्मेवाला, पोरगेलासा, काखेत कागदाचा गठ्ठा. शेषराव आधीच सांगून गेला, "जिचा टोंगळा वाजन तिचं नाव कटन." त्याले कोनं सांगतलं होतं? कोनंच नाई. त्याच्याच डोस्क्यातून निंगालं. पन आमाले काय मालूम?

डाक्टर मऊ मऊ विचारते, "बाई, दिवसातून किती तास उकिडवं बसता?" आता चूल खाली, पाटा खाली, धुनं खाली, मंग बसाचं कुठं, तुमच्या डोक्यावर? "ओझं किती उचलता? चढाव किती चढता? कधी पडला होतात का? आईला होता का हा त्रास?" जे जे म्हनून टोंगळा खाते ते ते त्याच्या कागदावर होतं, अन् त्यातलं एकबी आमच्याकून सुटलं नोतं. पन शेवटी विचारलं, "दुखतो का?" त चाळीसच्या चाळीस बाया म्हनते, "नाई जी. फस्क्लास."

मंग म्हने एकेकीनं बसा अन् उठा, गुडघ्याचा आवाज येते का ते आयकतो. परक्या बाईच्या टोंगळ्याले हात कसा लावाव, म्हनून बिचारा वाकून कानच देऊन राह्यला होता. दुखे त सगळ्याईचाच, पन वाजे एकटा तिचाच, आता मेली ना मनकर्णा. तवा माह्या डोस्क्यात आलं, माह्याच. मी बायाईले म्हटलं, तिची पाळी आली का घमेले बडवा.

मनकर्णा बसली, हूं नाई का चूं नाई. अन् उठाले लागली तशे आमी घमेले असे बडवले का डाक्टरनं कानावर हात ठेवले. "हे काय चाललंय?" "माकडं जी, भाकरी नेते." मनकर्णा उभी राह्यली. डोळ्यातून धारा. "धूर गेला जी," म्हने. धूर कुठचा होता तिथं? डाक्टरनं टोंगळा चांगला म्हनून लिवलं अन् गेला. त्या दिवशी आमी पोट धरधरून हासलो, अन् मनकर्णानं मले आपल्यातली अर्धी भाकर देल्ली, वरतून गूळ.

आठ दिवसांनी हजेरीच्या नरहरी बाबूनं कागद वाचून दाखवला. विटा वर ओढाची मशीन येनार होती, ते कुठं लावाची हे पाहाले आला होता डाक्टर. जिथं टोंगळे जास्त खराब, तिथं मशीन. अन् खराब टोंगळ्यावालीले सावलीत रेती चाळाचं काम, बसाले स्टूल, मजुरी तेच, नाव हजेरीत तसंच. आमच्या भट्टीवर खराब टोंगळे किती? एकबी नाई. मशीन गेली दुसरीकडं.

मी म्हटलं, चाल वो मनकर्णा, डाक्टरले खरं सांगू. त नरहरी बाबू म्हने, "आता सांगसान त डाक्टरले खोटं लिवाले लावलं म्हनून दोघीचंबी नाव कटन." अन् या खेपेले ते खरं होतं. मनकर्णानं चुंबळ डोक्यावर ठेवली अन् चढावाकडं निंगाली. मले शिव्या देल्ल्या असत्या त बरं वाटलं असतं.

ठेकेदारानंबी तो कागद वाचला ना. इतके चांगले टोंगळे हाय त बाराच विटा काऊन, म्हने, चौदा न्या. सकाळी शेषराव आला, "टोंगळा कसा हाय वो?" मनकर्णा भिताड धरून उभी होती. "फस्क्लास," म्हने, "कागदावर लिवलं हाय."

अन् चौदा विटांची पाटी तिच्या डोक्यावर कोनं देल्ली? जोडीदारीन कोन तिची? मीच जी.