ऊर्मिलाताईंनी नवी लायब्ररी थांबवली

मंडळी, ऐका! आज प्रश्न अगदी साधा आहे. हातात चांगली गोष्ट आलीय. ती लगेच द्यावी, की थांबावं? — पुढचे काका म्हणताहेत, "लगेच!" बघा हं काका, शब्द दिलात, आता आख्यान संपेपर्यंत फिरवायचा नाही!

सांगलीत ऊर्मिलाताई खांबेटे म्हणून एक बाई. संकेतस्थळं उभारायची एक तयार चौकट आहे — फुकट! कुणीही घ्यावी, कुणीही वापरावी. ती सांभाळणाऱ्या मंडळींत ताई मुख्य. पगार? छे हो! नोकरी सांभाळून सेवा! आता या चौकटीच्या पोटात दुसऱ्या कुणी केलेली जावास्क्रिप्टची लायब्ररी असते — पुस्तकांची नव्हे हो, संगणकाच्या भाषेत आयत्या लिहून ठेवलेल्या कामांचा संच! बटण दाबलं की यादी उघडते, पान हलतं-बोलतं, ते तिच्या जोरावर. तयार चिवड्याच्या पाकिटात मसाल्याची पुडी असते ना? चिवडा एकाचा, पुडी दुसऱ्याची — तसं! आणि पुडी बदलली, की घरोघरची चव बदलते.

तर त्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली. काय तिचा वेग! काय देखणं काम! जुनीत सुरक्षेचं एक भोक सापडलेलं, नवीत ते मुळातच नाही. ताईंनी वर्षभर खपून ती चौकटीत बसवली. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास! सोबतीला काम करणारा निषाद म्हणाला, "ताई, पुढच्या शुक्रवारी चौकटीची छोटी आवृत्ती निघतेय, त्यातच घालून टाकू. भोक उघडं ठेवून किती दिवस बसायचं?"

चुकीचं बोलला का? अहो, बरोबरच बोलला! ताईंनाही आपली मेहनत लोकांच्या हाती कधी पडते, असं झालेलं.

पण या लोकांची एक रीत आहे. खरी आवृत्ती काढण्याआधी एक चाखायची आवृत्ती काढायची, आणि कुणाचं काही मोडतंय का ते बघत आठवडाभर गप्प बसायचं. तशी ती नवी लायब्ररी घालून काढली. आता गप्प! आपल्याला नैवेद्य दाखवून होईपर्यंत धीर नसतो — हसू नका, मी सगळ्यांना पाहिलंय!

बुधवारी दुपारी फोन वाजला. "ताई, मी दौलत शेंडगे, जतजवळून बोलतोय. आमच्याकडं डायलिसिसचं केंद्र आहे, तिथला संगणक मी बघतो. तुमची चाखायची आवृत्ती बाजूच्या संगणकावर लावली. पेशंटच्या पाळ्यांचं पान कोरं येतंय."

"कोरं? काही चूक दाखवतंय?"

"काहीच नाही! सिस्टर म्हणाल्या, आज कुणाची पाळीच नाही का? आणि बाहेर बाकड्यावर माणसं बसलेली."

झालं होतं काय? जुन्या लायब्ररीतली काम करून घ्यायची एक पद्धत नवीत काढून टाकलेली, आणि दौलतचं पान नेमकं तिच्यावर उभं! मग चाचण्या हिरव्या कशा? अहो, चाचण्या ताईंच्या कामाच्या. दौलतनं त्यावर काय उभारलंय, ते त्यांना काय ठाऊक!

ताईंनी हळूच विचारलं, "शुक्रवारची छोटी आवृत्ती तुम्ही कधी लावणार होतात?"

"लगेच की! छोटीत नुसती डागडुजी असते, काही मोडत नाही, असं तुम्हीच सांगता. आम्ही डोळे मिटून लावतो."

डोळे मिटून! ताई म्हणाल्या, "दौलतराव, तुमच्यासारखे किती जण असतील हो?"

"मला काय ठाऊक, ताई? चौकट घेताना कुणी नाव विचारलं नाही."

फोन ठेवला, आणि मंडळी, ताईंना दिसायला लागलं! कुठे शाळेचा निकाल, कुठे रक्तपेढी, कुठे बंदरावरचं हवामानाचं पान... न पाहिलेली माणसं, न ऐकलेली गावं, न समजणाऱ्या भाषा — आणि सगळ्यांचा भार या एवढ्याशा पुडीवर! भगवंताचं विराट रूप, विराट रूप म्हणतो आपण. ताईंना ते भरदुपारी, सांगलीत, टेबलाशी दिसलं! अंगावर काटा आला. हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते त्यांनाही कळलं नाही.

निषाद म्हणाला, "मग नवी लायब्ररी घालायचीच नाही?" प्रश्न रास्त आहे! सडकं कवटाळून बसणं ही काही दया नव्हे.

"घालायची," ताई म्हणाल्या. "पण शुक्रवारी जुनीतलं भोक आपल्या हातानं बुजवू, बस्स. नवी शेजारी ठेवू, हवी त्यानं निवडावी. जुनी वापरणाऱ्याला आत्तापासून इशारा दिसू दे. मोठी आवृत्ती येईल तेव्हा जुनी जाईल, आणि तेव्हा काय मोडणार ते आधीच सगळ्यांना ठाऊक असेल."

"आणि तुमची वर्षाची मेहनत?"

"थांबेल." म्हणाल्या खऱ्या, पण डोळे भरलेले होते हो!

शुक्रवारी छोटी आवृत्ती निघाली. दौलतनं ती लावली. सिस्टरनी पान उघडलं, पहिलं नाव पुकारलं, आणि बाकड्यावरच्या एक आजी उठून आत गेल्या. त्यांना काय माहीत ऊर्मिला कोण!

आता आपलं बघा. सुधारणेची आपल्याला भारी हौस! आईचं स्वयंपाकघर रविवारी नवं करून टाकतो, आणि सोमवारी ती हळदीचा डबा शोधत उभी! बाबांच्या हातात नवा फोन देतो आणि निघून जातो. दिलं ते चांगलंच दिलं. पण घेणाऱ्याला आधी सांगितलंत? त्याला वेळ दिलात? अहो, आज, या घडीला, कुणीतरी तुमच्या भरवशावर डोळे मिटून बसलंय. त्याचं नाव ठाऊक नाही ना? मग त्याला विठ्ठल म्हणा — आणि हात जोडा!