खाडी आहे ना, मग अर्थिंग कशाला?

सुहासच्या शिडाच्या बोटीचं सांगितलं का तुम्हाला? माझा भाचा हो, कोलशेतला खाडीत बांधतो ती. परवा तो बोटीला धक्क्यावरची वीज जोडायला निघाला आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. त्याची बायको रेश्मा बोटीच्या शिडीवर, पाय पाण्यात सोडून बसलेली!

"मेन चालू करू नकोस रे! अर्थिंग कुठंय?"

धक्क्यावरचा वायरमन हसला. "आजी, खाली अख्खी खाडी आहे. वेगळं अर्थिंग कशाला?"

"रेश्मा, पाय वर घे आधी!"

दिवा गावात चाळीस वर्षं पाण्याच्या मोटारींचं वाईंडिंग केलंय मी, कुणी शिकवलं नाही. मी धक्क्यावरचा बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर आत नुसतीच गुंडाळलेली, कुठे जोडलेलीच नाही.

"बोटीत करंट उतरला तर जाईल कुठे?"

"पाण्यात."

"आणि पाण्यात कोण होतं?"

सुहास पुटपुटला, "आत्या, लायसनवाला माणूस आहे गं तो."

"मग उत्तमच. बस रे वायरमनदादा, तूच शिडीवर, सोड पाय खाडीत. मेन मी चालू करते."

तासाभरात वायरमन मीठ-कोळसा घेऊन आला आणि अर्थिंगचा खड्डा खणायला लागला.